प्रथम सत्राचा अहवाल : नवशिक्षकांसाठी मार्गदर्शिका

परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो, गठ्ठे स्टाफरूममध्ये येतात, मुलं किल्ल्यांच्या आणि फटाक्यांच्या गोष्टी करत फाटकाबाहेर पडतात, आणि तेवढ्यात शिपाईमामा दारातून सांगतात, "हेडसरांनी बोलावलंय." घाबरू नका. तुमच्या हातून काही घडलेलं नाही. फक्त सेवाज्येष्ठता यादीत तुमचं नाव सगळ्यात खाली आहे, आणि प्रथम सत्राचा अहवाल लिहिण्याचं काम घरंगळत त्याच नावापाशी येतं. तुम्ही बहुधा शिक्षणसेवक असाल. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३पासून महिना १८,००० रुपये मानधन मिळतं आणि पहिली तीन वर्षं 'नाही' म्हणायची सोय नसते. तेव्हा "हो सर" म्हणा, ऑफिसमधून कोरे कागद घ्या आणि पुढचं वाचा.

आधी हा अहवाल वाचतं कोण, ते समजून घ्या. एक प्रत संस्थेच्या कार्यालयात जाते. एक पालक-शिक्षक संघाच्या सभेत वाचली जाते, तीही चहा येईपर्यंत. त्यातला एक परिच्छेद फोटोसकट तालुक्याच्या वार्ताहराकडे जातो. आणि पुढे स्नेहसंमेलनाच्या मंचावर हेडसर तोच अहवाल पुन्हा वाचतात, तेव्हा समोरची मुलं नाच कधी सुरू होतोय म्हणून खुर्च्या वाजवत असतात. अख्खा अहवाल कुणीच वाचत नाही. जो तो आपलं नाव शोधतो, सापडलं की कागद खाली ठेवतो. सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे.

तारखा

शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हापायी थोडी उशिरा. तिथून दिवाळीपर्यंत दिनविशेषांची रांगच लागलेली असते. २१ जूनला योग, २६ जूनला शाहू महाराजांची जयंती, १५ ऑगस्ट, २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या नावे क्रीडा दिन, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, १४ला हिंदी दिवस, मराठवाड्यात असाल तर १७ला मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन, मग २ ऑक्टोबर, मग १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून फलकलेखन करणाऱ्या चित्रकलेच्या सरांना आणखी एक खडू जास्त लागतो. ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन. १९०० साली त्या दिवशी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तो दिवाळीच्या सुट्टीत सापडला, तर विद्यार्थ्यांचा दिवस विद्यार्थ्यांवाचून पार पडतो. तो पुढच्या सत्रात धरा.

या तारखा मिळवायला कुणाला विचारत बसू नका. सांस्कृतिक विभागप्रमुख "देते हं" म्हणतील, क्रीडाशिक्षक "लिहा की काहीतरी" म्हणतील, आणि विज्ञान मंडळाची वही गेल्या वर्षी बदली झालेल्या सरांबरोबर गेलेली असेल. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोट फिरवत जूनपर्यंत वर जा. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो तिथे आहे, कारण फोटो वर पाठवला नाही तर कार्यक्रम झाला असं धरत नाहीत.

यात १ ऑगस्टला थोडं थांबा. १९२० साली याच एका तारखेला मुंबईत टिळक गेले आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत दोन तसबिरी, दोन हार, एकच कार्यक्रम. ज्या अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसात संपली असं सांगतात, त्यांच्यासाठी आपण साडेचारशे मुलांना ओल्या पटांगणावर दोन तास मांडी घालून बसवतो. भाषणांना नावं दिलेल्यांपैकी बहुतेक जण टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात. तिसऱ्या टरफलांनंतर मुलंच पुढचं वाक्य आधी म्हणायला लागतात. मग आठवी 'ब'मधली एक मुलगी उठते. हातात कागद नाही. ती अण्णा भाऊंच्या 'फकिरा' कादंबरीतला राणोजी जोगणी आणायला निघतो तो प्रसंग सांगायला लागते, आणि मागच्या रांगेत चिखलाच्या गोळ्या मारणारी पोरंही हात थांबवून ऐकतात. तिला मध्येच एक नाव आठवत नाही. ती डोळे मिटते, आठवते, पुढे जाते.

अहवालात हे असं लिहायचं : "विद्यार्थ्यांनी आपली मनोगते व्यक्त केली."

नावांचा क्रम

हे अहवालाचं हृदय आहे, बाकी सगळे हातपाय. संस्थेचे अध्यक्ष आधी, मग उपाध्यक्ष, कार्यवाह, सदस्य, मग सरपंच किंवा नगरसेवक, केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, ज्येष्ठ शिक्षक. प्रत्येकाआधी 'मा.' लावा. 'श्री.'वर भागवू नका. सरपंचबाई असतील तर त्यांच्या यजमानांचं नाव चुकूनही त्यांच्या जागी घालू नका, मंचावर मधल्या खुर्चीत तेच बसले असले तरी.

सर्वात मोठा धोका 'आदी मान्यवर' या दोन शब्दांत आहे. नवखे शिक्षक जागा वाचवायला ते बेधडक वापरतात. पण 'आदी'त गेलेला माणूस शाळेत येतो, 'आदी'वर बोट ठेवतो आणि विचारतो, "यात मी आहे का?" माजी उपाध्यक्ष 'आदी'त गेले, तर शाळेला त्यांच्याकडून मिळणारा पाण्याचा टँकर उन्हाळ्यात येत नाही. नावं सगळी घाला. यादी दीड पान झाली तरी होऊ द्या. अहवाल तीन पानांचाच असतो.

क्रिया कुणी केली?

कुणीच नाही. शाळेत सगळं आपोआप होतं, असं वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे. दीपप्रज्वलन करण्यात आले, प्रतिमापूजन करण्यात आले, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला, वृक्षारोपण करण्यात आले. 'मुलांनी झाडं लावली' असं लिहिलं की पुढचे प्रश्न निघतात. कोणती, किती, जगली किती? 'करण्यात आले'ला कुणी काही विचारत नाही.

वृक्षारोपणाचा फोटो एकदा मोठा करून पाहाच, अहवालात लावण्याआधी. फुटभर कडुलिंबाचं रोप, त्याला सात मोठ्या माणसांचे हात लागलेले. चेहरे रोपाकडे नाहीत, कॅमेऱ्याकडे. खड्डा नेहमीचाच, प्रवेशद्वाराजवळचा. माती ओळखीची असल्याने तो दरवर्षी पटकन खणला जातो. आणि फोटोच्या उजव्या कडेला अर्धं डोकं, एक कान आणि बादलीची कडी दिसते. तो सातवीतला मुलगा. त्याचं घर शाळेच्या कुंपणाला लागून आहे. पाऊस ओढला तेव्हा सकाळी प्रार्थनेआधी तीच बादली घेऊन तो येत होता, म्हणून यंदा त्या खड्ड्यात अजून काहीतरी हिरवं आहे. वार्ताहर फोटो छापताना कडेचा भाग कापतो, कारण छायाचित्राखालच्या 'डावीकडून' या यादीत कानाचं नाव नसतं.

खेळ

क्रीडा विभागाला चार ओळी ठेवा. शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यावर, तिथून विभागावर, मग राज्यावर जातात, आणि प्रत्येक पायरीला गाडीभाड्याचा प्रश्न वेगळा असतो. १७ वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघाने तालुका जिंकला असेल, तर नीट विचारून घ्या नेमकं काय झालं. अहवालात ते येणार नाही, पण तुम्हाला माहीत असावं. शेवटच्या डावात संरक्षणाला उतरलेली एक मुलगी बसलेल्या आठ जणींच्या मधून हुलकावण्या देत पळत राहते. खांबाशी वळताना पाय घसरतो, गुडघा फुटतो, तरी ती खो चुकवत जाते. पायात बूट मैत्रिणीचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस भरलेला. बाहेर बसलेला संघ सेकंद मोजत ओरडतो. ती बाद होते तेव्हा वेळ जवळपास संपलेली असते.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या दोघांच्याही शाळांनी कधीकाळी "क्रीडा विभागाची कामगिरी उल्लेखनीय राहिली" असंच लिहिलं असणार, अशी माझी पैज आहे. तुम्हीही तेच लिहा, आणि खाली 'मा. अध्यक्षांनी क्रीडाशिक्षकांचे अभिनंदन केले' ही ओळ जोडा.

विज्ञानाला दोन ओळी पुरे. इन्स्पायर अवॉर्डसाठी शाळेतून पाच कल्पना पाठवल्या, एवढं सांगितलं की झालं. निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. कल्पना मुलाची की शेजारच्या इंजिनिअर काकांची, हा अहवालाचा विषय नव्हे. परीक्षेच्या निकालाबद्दल "समाधानकारक" लिहा. पेपर अजून तपासलेले नाहीत, ते तुमच्याबरोबर गावी जाणार आहेत आणि चकलीच्या तेलाचे डाग घेऊन परत येणार आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं.

काय लिहायचं नाही

ही यादी लांब आहे, पण ती पाठ करावी लागत नाही, आपोआप कळते. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी जूनपासून तुटलेली आहे. गणिताची जागा रिकामी आहे आणि नववीला भूगोलाचे सर बीजगणित शिकवतात. त्यांनी ते प्रामाणिकपणे शिकवलं, पण स्वतः आदल्या रात्री शिकून. एसटीची वेळ बदलल्याने दोन वाड्यांवरची मुलं पहिल्या तासिकेला नसतात. 'उपस्थिती' या रकान्यात टक्केवारी घाला आणि पुढे चला.

एका गोष्टीवरून मात्र इतक्या सहज पुढे जाता येत नाही. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात. शाळेला किती शिक्षक मिळणार, तुमची जागा राहणार की जाणार, हे त्या आकड्यावर ठरतं. म्हणून त्या आठवड्यात सगळी शाळा घरोघर फिरून मुलं वर्गात आणते. आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या, अहिल्यानगरच्या, सोलापूरच्या कितीतरी गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याबरोबर धाकटं भावंड जातं, आणि भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी जाते. ती नववीत असते. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, आजीकडे मागे ठेवलेली मुलंही आहेत, पण सगळ्यांना आजी नसते.

सत्राच्या शेवटच्या दिवशी ती तुमच्याकडे येईल. दिवाळीचा अभ्यास सगळ्यांना दिला तसा तिलाही द्याल, तेव्हा ती विचारेल, "बाई, फाल्गुनापर्यंतचा पण सांगून ठेवता का?" तुम्ही पुस्तकात खुणा करून द्याल. ती खुणा मोजेल, दप्तरात पुस्तक घालेल, आणि जाताना फळा पुसून जाईल, कारण त्या आठवड्यात पाळी तिची होती.

अहवालात लिहायचं : "पटसंख्या स्थिर आहे." ते खरंही असतं. दुसऱ्या सत्रात तिचं नाव पटावर असतं, बाकावर नसतं.

परिशिष्ट

आता नवशिक्षकांना सहसा कुणी न सांगितलेली युक्ती. अहवालाला परिशिष्टं जोडता येतात. 'अ'मध्ये देणगीदारांची नावं असतात, ती सगळे तपासतात. 'ब' आणि 'क' कुणी उघडत नाही, त्यामुळे त्यावर कुणी लाल रेघही मारत नाही. तिथे हवं ते लिहा. जोगणीचा प्रसंग सांगणारीचं नाव आणि इयत्ता लिहा. बादलीवाल्याचं लिहा. गुडघा फुटलेलीचं लिहा आणि पुढे 'बूट : मैत्रिणीचे' असंही. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं लिहा. गॅस संपला तेव्हा पावसात ओली लाकडं फुंकत त्यांनी ती वेळेवर वाढली होती, आणि आभारप्रदर्शनात त्यांचा नंबर कधी लागत नाही. परगावी निघालेल्या मुलामुलींची यादी करा. समोर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्यावर जाणार ते विचारून लिहा, म्हणजे नोव्हेंबरात तिथल्या जवळच्या शाळेला फोन करता येईल. ही यादी व्हॉट्सॲपवर फोटो काढून टाकू नका, कागदावरच ठेवा.

हेडसरांना परिशिष्ट 'ब' दिसलं आणि त्यांनी भुवई उचलली, तर "मागच्या वर्षीचाच नमुना आहे, सर" म्हणा. मागच्या वर्षीचा नमुना कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

अहवाल तीन प्रतींत काढा. मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का घ्या, ऑफिसात जावक क्रमांक टाकून घ्या आणि ओसीवर, म्हणजे शाळेकडे राहणाऱ्या प्रतीवर, पोच घेतल्याशिवाय सुट्टीला जाऊ नका. नाहीतर शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी मामा पुन्हा दारात येतील, आणि संस्थेला अहवाल मिळालाच नाही, असं सांगतील.