दुनळीचे जाणकार

कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत एखादे तरी आबासाहेब असतातच. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, पण बंदुकीवरचं बोलणं संपवायला कायदा नाही.

चहा यायच्या आत बंदुकांची कुळं निघतात, मुलीला स्थळं बघावीत तशी. लंडनची पर्डी म्हणजे थेट शहाण्णव कुळी! ‘१८८० साली बीझलीनं कळ शोधली अन् पर्डीला विकली. मिटताना कमान ताणते, उघडताना बंदूक आपणहून उघडते. आहात कुठं?’ हॉलंड कंपनीची ‘रॉयल’ही घराण्यातलीच. स्पेनमधल्या आयबारच्या बंदुका? ‘बऱ्या आहेत. पण उचलेगिरी.’

बर्मिंगहॅमचं नाव निघालं की मात्र भुवई चढते. ‘वेस्टली रिचर्ड्सच्या त्या अॅन्सन-डीलींनी १८७५ साली सगळं यंत्र एका पेटीत कोंबलं. भाग कमी, खर्च कमी, बिघाड कमी!’ हे तिन्ही गुण आबासाहेब चहाडी केल्यासारखे सांगतात.

मग कुणाची तरी बंदूक तपासायला येते. चष्मा कपाळावर, डोळ्याला भिंग. आधी स्क्रूच्या खाचा. उत्तम कारागिराच्या हातच्या खाचा साऱ्या नळीच्या रेषेत. एक जरी तिरकी दिसली तरी आबासाहेब ‘हं’ म्हणतात, आणि त्या ‘हं’नं मालकाचा चेहरा उतरतो. मग नळ्या सुट्या करून बोटावर टांगायच्या आणि नखानं टिचकी. दोन्ही नळ्यांमधली झाळ पक्की असेल तर नाद घुमतो. ‘ऐकलात?’ आपल्याला काही ऐकू आलेलं नसतं. हो म्हणावं. नाही म्हटलं की पुन्हा टिचकी, आणि नळ्यांचा सांधा दिव्याची काजळी धरून, डाग उठेल तेवढंच पोलाद घासत कसा बसवतात, त्याचं अर्ध्या तासाचं व्याख्यान.

‘एवढ्या जाणकारीत घरात उंदीर मेला नाही,’ आईसाहेब आतून म्हणतात. आबासाहेबांना ते ऐकू येत नाही. कान टिचकीसाठी राखून ठेवलेले.

स्वतःची दुनळी ते सहसा दाखवत नाहीत. खंडेनवमीला ती पाटावर येते, तेव्हा कळतं: वडिलांनी घेतलेली वेस्टली रिचर्ड्स, पेटीवालीच. ‘बोलायची वेगळी, वापरायची वेगळी,’ असा खुलासा मिळतो.

निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. रांगेत पुढं शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक, मागं आबासाहेब. हवालदार वहीत ‘दुनळी’ लिहून थांबतो. ‘नाव लिहा,’ आबासाहेब गरजतात, ‘वेस्टली रिचर्ड्स, बर्मिंगहॅम!’

हवालदार लिहितो : ‘वेस्टर्न, १ नग, जुनी.’