सोडवून आणावे कसे? (नवशिक्यांसाठी, सेलू आवृत्ती)

सर्वप्रथम अभिनंदन. एकट्याने गुंडांच्या अड्ड्यावर चालून जायचं, तिथल्या सगळ्यांना लोळवायचं आणि आपलं पळवलेलं माणूस खांद्यावर टाकून घरी आणायचं, हा निर्धार तुम्ही बहुधा रात्री अकरानंतर केला असेल. आडवं पडून, मोबाइल छातीवर ठेवून, सलग तिसरा सिनेमा बघताना. प्रस्तुत मार्गदर्शिका सेलू शहर व तालुक्यासाठी आहे. जिंतूर, पाथरी, मानवत आणि परतूरच्या वाचकांनी आपापल्या सोयीने फेरबदल करावेत.

परदेशी आवृत्ती इकडे चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती म्हणजे २००८ सालचा 'टेकन'. लिआम नीसन हा बाप पॅरिसला पळवलेल्या लेकीच्या शोधात निघतो, हाताशी ९६ तास. गडी शहरभर फिरतो, कुणाकुणाला बडवतो, पण त्याला रस्त्यात एकही माणूस 'कुठं निघालात?' असं विचारत नाही. आता तुम्ही स्टेशनपासून नूतन विद्यालयापर्यंत चालत जाऊन दाखवा. तिघं तरी थांबवतील. त्यांतला एक चहा पाजेल, दुसरा तुमच्या धाकट्याची सोयरीक सुचवेल आणि तिसरा म्हणेल, 'मालक, एवढ्या उन्हात काळं जाकीट घालून कुठं निघालात?' गुप्तता तिथंच संपली.

जाकिटाचंही सांगून टाकतो. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. लेदर जाकिटातला नायक अड्ड्यावर पोचेस्तोवर त्यालाच सलाइन लावायची वेळ येईल. डोक्याला आणि तोंडाला दस्ती बांधा. ती सोयीची आहे. अडचण एवढीच की त्या दिवसांत मोटारसायकलवरचा प्रत्येक माणूस तशीच दस्ती बांधून जात असतो. नायक कोण आणि गुंड कोण, हे कळायला दोघांनाही तोंड सोडावं लागेल.

शस्त्राबाबत. पिस्तूल हवं असेल तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. अर्ज, फोटो, पोलीस पडताळणी, कारण, पुन्हा कारण. 'कारण' या रकान्यात 'सूड' लिहू नये.

आता अंगच्या गुणांची यादी. सिनेमातला बाप फोनवर आपली कौशल्यं ऐकवतो आणि पलीकडचा गुंड गप्प होतो. मीही एकदा वही घेऊन माझी यादी केली. तलाठ्याकडून एका फेरीत सातबारा काढणे. तत्काळ तिकीट मिळवणे. साहेब जेवायला गेलेले असताना साहेब येईपर्यंत बसून राहणे. अर्जाची पोच घेणे, पोचेवर शिक्का घेणे, शिक्क्यावर तारीख आहे ना हे पाहणे. यादी बायकोला दाखवली. ती म्हणाली, 'ह्याला कोण भितंय?' तेव्हा मीही हसलो. पण ही वही फेकू नका, पुढं लागणार आहे.

मग फोन येतो. सिनेमात फोन आला की पार्श्वसंगीत सुरू होतं. आमच्या शेजारच्या काकूंना आला तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. व्हॉट्सअॅपवर कॉल, फोटोत खाकी वर्दी, आवाज हिंदी. तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, वाचवायचा तर आत्ताच्या आत्ता पैसे टाका, फोन ठेवायचा नाही. मागून पोराचं रडणं, 'मम्मी, मम्मी'. काकूंचे हात थरथरत होते. पीठ मळलेल्या बोटांनी मोबाइलची काच पांढरी झाली. पण मम्मी हा शब्द त्यांना खटकला. त्यांचं पोरगं त्यांना 'आये' म्हणतं. त्यांनी विचारलं, 'बाळा, आजोळी तुला काय म्हणून हाक मारतात रे?' रडणं थांबलं. वर्दीवाला खेकसला. काकूंनी पुन्हा तेच विचारलं आणि फोन कटला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती विनोदी झाली असती. पुण्यात शिकणाऱ्या पोराचा फोन बंद लागत होता. पुढची चाळीस मिनिटं त्या घरात जे झालं ते मी पाहिलंय. त्यावर सिनेमा निघत नाही. काका पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून दारात उभे. कुणीतरी कुकर बंद केला. शेवटी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटलं, तर मागं पेन्सिलीनं पोराच्या रूममेटचा नंबर लिहिलेला सापडला. रूममेटनं फोन उचलला. पोरगं वर्गात होतं आणि फोन बॅगेत मरून पडला होता.

असे बनावट फोन हल्ली बक्कळ येतात आणि आवाजाची नक्कल संगणकही करून देतो. तेव्हा नवशिक्यांनी पहिला धडा इथंच गिरवावा: सोडवायला निघण्यापूर्वी माणूस खरंच पळवलंय का, ते बघावं. पैसे गेलेच असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लगेच लावावा. जितकी घाई कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

अड्डा शोधणे. सिनेमात तो बंद पडलेल्या गिरणीत असतो. सेलूत गिरणीच्या जागी जिनिंग. दिवाळीनंतर जाल तर कापसाच्या गाड्यांची रांग, हमाल, वजनकाटा, भावावरून तंडणारे शेतकरी. गुंडाला बसायला जागा मिळणार नाही. शिवाय कापसाच्या आवारात बिडी ओढायला सक्त मनाई. जो खलनायक सिगार पेटवू शकत नाही, त्याच्याशी लढण्यात मजा ती काय? निम्न दुधना धरणाकडं ब्रह्मवाकडीला नेलं असेल, तर काठावर मासे धरणारे आधीच बघून गेलेले असतात. रेल्वेनं पळाला असेल तर निर्धास्त राहा. परभणी-जालना लाइन एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी थांबते तेव्हा खलनायकही थांबतो, खाली उतरतो आणि इतरांसारखाच सिग्नलकडं बघत बसतो.

एकट्यानं जाण्याचं हे खूळ आपल्याकडचं नव्हेच. महेश कोठारेंच्या सिनेमात इन्स्पेक्टरसुद्धा लक्ष्याला बरोबर घेऊन जायचा. अन् त्याच्याही मागं जायचं तर पळवून नेलेल्या माणसाच्या सुटकेची आपली सगळ्यात जुनी गोष्ट काढा. पंचवटीतून सीता नेली. एकटा भिडला तो जटायू, पंख तुटून पडला. पण प्राण जायच्या आधी त्यानं जबाब दिला, कोणी नेलं आणि कोणत्या दिशेनं. पुढं वाटेत टाकलेले दागिने, म्हणजे मुद्देमाल. मग लंकेत जाऊन ओळख पटवणारा हनुमान आणि त्यानं आणलेली खूण. मग अंगदाची शिष्टाई. लढाई अगदी शेवटी. रामानं एकही पायरी गाळली नाही आणि एकाही पायरीवर तो एकटा नव्हता.

इतिहासातलं उदाहरण तर माझ्या वहीच्या बाजूचं आहे. १६८९ साली रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू सुटले १७०७ला. येसूबाई आल्या १७१९ला, तीस वर्षांनी. त्या आल्या बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीला जाऊन केलेल्या खटपटीनंतर. त्याच खेपेला चौथाई-सरदेशमुखीच्या सनदाही आल्या. फौज बरोबर होती, नाही असं नाही. पण राजमाता घरी आली ती करारमदारानं, शिक्कामोर्तबाच्या कागदांबरोबर. यावर मारधाडीचा सिनेमा कुणी काढत नाही, कारण त्यात पुष्कळ वेळ लोक बसून असतात.

आता कायदा. नवशिके हे प्रकरण गाळतात आणि मग जामिनासाठी धावतात.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. खंडणीसाठी पळवून नेल्यास कलम १४०(२), शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप. तुमच्यासाठी महत्त्वाची कलमं ३४ ते ४४, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा हक्क. कलम ३८ म्हणतं की, कुणी पळवून नेण्याच्या इराद्यानं अंगावर आलं, तर बचावात त्याचा जीव गेला तरी तो हक्कात बसू शकतो. इथपर्यंत वाचून उड्या मारू नका. त्याच्याच वर ३७वं कलम बसलंय: पोलिसांकडं जायला वेळ होता, तर हा हक्क नाही, आणि हक्क असला तरी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. म्हणजे दारात पोराला ओढून नेणाऱ्याच्या हातावर उलथणं हाणलं, तर कायदा आईच्या बाजूनं. तीच आई तीन दिवसांनी बेत आखून, गाडी भाड्यानं करून अड्ड्यावर गेली, तर आरोपी आई. सगळे सूडपट या दोन कलमांच्या मधल्या जागेत घडतात.

'चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ' असा नियम कुठंही नाही. खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आडवी येत नाही. फोनवरून, ऑनलाइन कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. लहान मूल हरवलं असेल, तर अपहरण धरूनच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगून ठेवलंय. नोंद घेतली नाही, तर परभणीला पोलीस अधीक्षकांकडं लेखी. तिथंही नाही, तर न्यायदंडाधिकारी. माणूस कुठं डांबलंय हे कळलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली न्यायदंडाधिकारी झडतीचं वॉरंट काढू शकतात. आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो: माणूस आणून समोर उभं करा. पोच, शिक्का, तारीख. काढा ती वही.

एक पान इथं विनोदाशिवाय.

शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ला अपहरण झालं आणि त्याच दिवशी त्यांचा खून झाला. ९६ तास कुणालाच मिळाले नाहीत. म्हणून ११२ लावायला पाच मिनिटंही दवडू नयेत.

आणि दुसरी बाजू. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज गावोगाव गेले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी लोकांच्या नजरेला आले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. त्या जमावातल्या बऱ्याच जणांना वाटत असणार की आपण लेकरं वाचवतोय. एकही लेकरू पळवलेलं नव्हतं. पाहुण्यांना कुणी विचारलं असतं, कुठले, कुणाकडं आलात, तर पाच माणसं बाजार उठायच्या आत पुढच्या गावाला गेली असती. हा प्रश्न विचारण्यात तर आपण पटाईत.

खरा नायक पाहायचाच असेल, तर सेलू सोडून मुंबईला जावं लागतं. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात तिथं १६६ मुली हरवल्याची नोंद झाली. त्यातल्या १६५ सापडल्या. १६६वी जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना नाहीशी झाली. तेव्हा ती सात वर्षांची होती. भोसले २०१५ला निवृत्त झाले, पण शोध त्यांनी सोडला नाही. मुलगी सापडली ऑगस्ट २०२२ मध्ये, आपल्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. ती जिथं राबत होती, तिथं काम करणाऱ्या एका बाईनं तिची हकीकत ऐकली, मोबाइलवर तिचं नाव शोधलं आणि जुनं 'हरवली आहे'चं पोस्टर हाती लागलं. पिस्तूल नाही, जाकीट नाही. एका बाईनं ऐकून घेतलं, एवढंच.

त्या पोस्टरवर पाच फोन नंबर होते. नऊ वर्षांत चार बंद पडले होते. पाचवा लागला, तो शेजाऱ्याचा.

तेव्हा सिनेमा उद्या बघा. आत्ता पेन्सिल घ्या आणि कॅलेंडरच्या मागं लिहा: ११२, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९. त्याखाली पोराच्या रूममेटचा आणि शेजाऱ्याचा नंबर. शेजाऱ्याचा एकदा लावून बघा. लागला, तर तसंच चहाला बोलवा.