पोच

रोहा तालुक्यातल्या आमच्या धाटावात कुणी ‘अर्ज दिला’ म्हणालं, की ऐकणारा आधी विचारतो, ‘पोच घेतलीस का?’ अर्जात काय मागितलंय ते मागाहून. आवकच्या वहीत क्रमांक पडला, झेरॉक्सवर गोल शिक्का उमटला, की माणूस समाधानानं घरी येतो. मंजुरीचं त्याला विचारू नये.

राज्याच्या कायद्यालाही ही पायरी चुकत नाही, याचं मला भारी बरं वाटतं. नरिमन पॉइंटच्या विधानभवनात घोषणा झाल्या, बाकं वाजली, सभात्यागही उरकला; तरी दोन्ही सभागृहांनी संमत केलेलं विधेयक विधेयकच राहतं. त्यावर पीठासीन अधिकाऱ्यांची सही व्हायची आणि मग ते राज्यपालांपुढे जायचं. धन विधेयक असेल तर ‘हे धन विधेयक आहे’ असा विधानसभा अध्यक्षांचा दाखला त्यावर लागतो. राज्यघटनेच्या १९९व्या अनुच्छेदात तसं लिहूनच ठेवलंय. दाखला नाही म्हणून खिडकीवरून परत फिरण्याचा अनुभव घटनाकारांनाही असावा.

विधानभवनापासून राज्यपालांचं मलबार हिल म्हणजे गिरगाव चौपाटीचा एक वळसा. खरा प्रवास कागद तिथं पोचल्यावर सुरू होतो. २००व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल अनुमती देतील, रोखतील, नाहीतर राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतील. धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परतही पाठवतील. मात्र ते ‘शक्य तितक्या लवकर’. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांना दहा दिवस मिळतात, त्यातून रविवार वगळतात. आपण रविवार वगळत नाही, कारण दिवसच मोजत नाही. तामिळनाडूची दहा विधेयकं अडली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५मध्ये मुदती घालून दिल्या. नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की न्यायालयाला अशी मुदत घालता येत नाही. मात्र राज्यपालांना कारणाशिवाय कायमचं बसूनही राहता येणार नाही. महिलांवरच्या अत्याचारांविरोधातलं आपलं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१मध्ये संमत होऊन राष्ट्रपतींकडे गेलं, ते कायदा होऊन काही परतलं नाही. त्याचीही पोच मात्र कुठेतरी असणारच.

सहीचं महत्त्व या तालुक्याला कुणी शिकवायला नको. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांच्या सहीनं कागदाच्या नोटा झाल्या.

आणि धाटाव आज जे आहे, तेही अशाच एका सहीमुळे. इथले रासायनिक कारखाने, कुंडलिका नदीवरून आलेले पाण्याचे पाइप, पाळी सुटल्यावरची सायकल-मोटारसायकलींची रांग, सगळ्यांच्या मुळाशी ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१’ आहे. गंमत अशी, की नावात १९६१ असलेल्या या कायद्याचा क्रमांक आहे १९६२चा तिसरा. बारसं एका साली आणि दाखल्यावरची नोंद पुढच्या साली, असं आमच्याकडे मुलांचंही होतं. शाळेत घालताना मग घोळ होतो. कायद्याला शाळेत जायचं नव्हतं. त्याच्याच आधारे १ ऑगस्ट १९६२ला औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, उभी राहिली.

मग तो कायदा गावोगाव पोचला तो ‘बत्तीस-दोन’ होऊन. कलम ३२, पोटकलम २ : जमीन का घेऊ नये, ते सांगा. कायद्याचं नाव ज्याला ठाऊक नाही, तोही रायगडात बत्तीस-दोन बरोबर ओळखतो. ही नोटीस हातात पडली की पोच द्यावी लागते, सही नसेल तर अंगठा. शिवाय म्हणणं मांडायची मुदत नोटिशीतच छापलेली असते. तिथे ‘शक्य तितक्या लवकर’ कळवतो, असं तलाठ्याला सांगून पाहण्याची छाती धाटावात अजून कुणाची झालेली नाही.