‘ये’ एजंटाचा, ‘जा’ मालकाचा

जन्ममरणाच्या येरझारा चुकवा, असं संत सांगून गेले. आमचा माणूस कतारातल्या नोकरीसाठी एजंटाला पैसे मोजून एका नव्या येरझारेत शिरतो. खात्री करायची तर दोह्याच्या मुशैरिब स्टेशनात उभं राहा. मेट्रोच्या लाल, हिरव्या आणि सोनेरी अशा तिन्ही मार्गिका इथे भेटतात आणि अख्खं शहर इकडचं तिकडे होत असतं.

ये-जा ही क्रिया एकच, पण मराठीत तिचं नाव करणाऱ्याची पत बघून ठरतं. मंत्री जाऊन आले की दौरा. वारकऱ्याची वारी. दाखल्यासाठी तुम्ही तहसील कचेरीत गेलात तर हेलपाटे, आणि साहेब सारखेच जेवायला गेलेले असले तर खेटे. प्रसूतिगृहाबाहेर नवरा घालतो त्या येरझारा. पुण्याहून रोज मुंबई गाठणारा अप-डाउन करतो. सुनेच्या जाण्यायेण्याला मात्र नामच नाही; ती नुसती ‘सारखी माहेरी पळते’.

मुशैरिबला ही पत शब्दांवर सोडलेली नाही, ती डब्यावरच लिहिली आहे. साध्या डब्याला २ रियाल, गोल्डक्लबला १०. दोन्ही डबे एकाच वेळी पोचतात, हे दहावाल्याला सांगू नये. वर रस्त्यावरची ट्राम फुकट आहे. ती गोल फिरते आणि बसलात तिथेच आणून सोडते. आपल्याकडच्या चौकशी समित्यांनी तिचा अभ्यासदौरा जरूर काढावा.

देशाबाहेरच्या मोठ्या येरझारेत मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. कतारात यायला व्हिसा लागतो, ते ठीकच. पण २०१८ पर्यंत तिथल्या परदेशी कामगाराला देश सोडतानाही मालकाची परवानगी लागत असे. त्या वर्षी कायदा बदलला आणि बहुतेकांची त्यातून सुटका झाली. घरकामगारांचा नंबर २०२० मध्ये लागला. तोवर ‘ये’ म्हणायचा एजंट आणि ‘जा’ म्हणायचा मालक. ज्याने जायचं-यायचं, त्याच्या वाट्याला ‘ये-जा’मधली आडवी रेघ.

गुलामगिरीचा इतिहास सांगणारं बिन जलमूद हाउस हे संग्रहालयही याच मुशैरिब भागात आहे. तिथल्या अप-डाउनवाल्याला ते बघायला सवड होत नसावी.

तेव्हा शब्दकोशकारांना एक विनंती. ‘ये-जा’चा अर्थ देताना स्त्रीलिंग वगैरे लिहाच, पण परवानगी कोणाची, तेही लिहा.