मयताच्या नावे बढती

ज्या बुद्धिबळाच्या कार्यक्रमाने लागोपाठ तीन महिने माझा पराभव केला, त्याच्या फायली एका रात्री, पुतण्याने मोठ्या विश्वासाने सोपविलेल्या सर्वाधिकाराचा गैरवापर करून, मी स्वहस्ते पुसून टाकल्या आणि निश्चिंत झोपलो. पुढे संगणकाच्या डेबियन या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली तेव्हा अद्ययावत करावयाच्या यादीत त्याच दिवंगताचे नाव सन्मानाने झळकत होते : सध्याची आवृत्ती अमुक, नवी तमुक, मंजुरी असावी.

“काका, फायली पुसल्यात, पण वहीतलं नाव कुठं कमी केलंत?” पुतण्या म्हणाला.

माझी आजवरची समजूत अशी की, अद्ययावत करणारे हे यंत्र शिरगणतीच्या कारकुनाप्रमाणे दारोदार हिंडून प्रत्येक कार्यक्रमास त्याचे वय विचारीत असावे. प्रत्यक्षात ते गादीवरून उठतही नाही. डीपीकेजी नामक दप्तरदाराजवळ ‘स्टेटस’ नावाची एक साधी मजकुराची वही असते. तीत प्रत्येकाचे नाव, अवस्था आणि आवृत्ती नोंदलेली असते. आणि दूरच्या कोठारातून आलेली ताजी यादी या वहीशेजारी ठेवून, जेथे तिकडचा आकडा मोठा तेथे बढतीची शिफारस करावी, एवढेच ॲप्ट नामक त्याच्या वरिष्ठाचे काम. सातबाऱ्यावर नाव असले की खातेदार कायम, मग शेतात बाभळी का माजेनात! झडती घेणारा डेबसम्स नावाचा एक इसम आहे खरा, परंतु तो मुद्दाम बोलावल्यावाचून येत नाही. उलटपक्षी, आपण स्वतः खपून मूळ संहितेतून घडविलेला कार्यक्रम डोळ्यांदेखत धडधडीत चालत असला, तरी दप्तरी तो जन्मलेलाच नसतो.

आकड्यांची तुलना हे तर स्वतंत्रच प्रकरण आहे. छडीच्या धाकाने दशांश अपूर्णांक शिकलेल्या माझ्यासारख्यास 1.10 हे 1.9 पेक्षा लहान वाटणार. पण येथे टिंब म्हणजे केवळ कुंपण, त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे पूर्ण संख्या, आणि दहा हे नवापेक्षा मोठे हे दप्तरदाराला कोणी शिकवावे लागत नाही. त्याहून विलक्षण ती ‘~’ ही नागमोडी खूण : तिचे स्थान ‘काहीच नाही’ याच्याही खाली असल्याने 1.0~आरसी1 ही आवृत्ती नुसत्या 1.0 हून कनिष्ठ ठरते. आरसी म्हणजे उमेदवार, असे पुतण्याने समजाविले. तारुण्यात एका कचेरीत दीड वर्ष बिनपगारी उमेदवारी केलेली असल्याने मला अधिक स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

“मग आता त्याचं नाव रीतसर कमी करू?” पुतण्याने विचारले.

मी क्षणभर विचार केला, आणि मयताच्या बढतीस मंजुरी दिली. नव्या आवृत्तीच्या फायली येऊन जागच्या जागी बसल्या. त्याच रात्री बाविसाव्या चालीत, माझा वजीर घेऊन, स्वारी पुनश्च कामावर रुजू झाली.