पंधरा लिटरची दाढी

पेण-रोह्याला थंडी पडत नाही, ती जाहीर होते. डिसेंबरात एखाद्या सकाळी वडखळ नाक्यावर धुकं दिसलं की लोक पंखा पाचावरून तिनावर आणतात, माळ्यावरची कानटोपी खाली काढतात आणि गिझरचं बटण दाबतात. आंघोळीचं मी समजू शकतो. पण आपल्यात पुरुषांचा एक वर्ग आहे, जो गिझर लावतो तो दाढीसाठी. भिजवायची ती दोन गाल आणि एक हनुवटी. त्यांना लागतं वाटीभर पाणी. आणि त्यासाठी तापवायचं पंधरा लिटर. पंचवीस अंशांवरचं एवढं पाणी साठ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज जाते. शिवाय गिझरपासून बेसिनपर्यंतच्या नळीत जे गार पाणी साचलेलं असतं, ते आधी सोडून द्यायचं. म्हणजे दाढीला पुरून उरेल इतकं पाणी गटारात घालवायचं आणि मग दाढीच्या पाण्याची वाट बघत उभं राहायचं.

रोह्यात तर ही गंमत आणखी वरच्या दर्जाची आहे. कुंडलिका नदीत येणारं पाणी मुळशीच्या धरणातून भिऱ्याच्या टर्बाइनवर पडून, टाटांना वीज देऊन खाली येतं. 1927 पासून हे चाललंय. पुढे कोलाडला त्याच पाण्यावर मुंबईचे पर्यटक रबरी होड्यांत बसून किंचाळतात. तेव्हा आधी पाण्यातून वीज काढायची आणि मग ती बेसिनशी पुन्हा पाण्यात घालायची, असा हा उलटा व्यवहार. त्यातही भिरा म्हणजे तेच गाव, जिथे मार्च 2017 मध्ये पारा 46.5 अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरच्या टाक्या फुकटात चहाचं पाणी देतात. पण फुकट मिळालं की त्याला ‘गरम पाणी’ म्हणत नाहीत, ‘काय हा उकाडा’ म्हणतात.

‘थंड पाण्याने ब्लेड ओढतं हो’, हा नेहमीचा युक्तिवाद. कुठल्याही एसटी स्टँडजवळच्या सलूनात जाऊन बसा. सकाळपासून रात्रीपर्यंत चेहऱ्यामागून चेहरे तासणारा तो कारागीर काय वापरतो? फवाऱ्याची प्लॅस्टिकची बाटली, आणि तिच्यात नळाचं पाणी. चार फवारे, ब्रशने फेस, थोडं राजकारण, मग वस्तरा, शेवटी तुरटी. घरी बेसिनशी कुरकुरणारा गृहस्थ त्या खुर्चीत डोळे मिटून घोरतो. त्याला तिथे पाणी बोचत नाही, कारण हुकूम सोडायला तिथे घरचं कोणी नसतं.

त्या थोड्या राजकारणाला कमी लेखू नका. अर्धं काम तेच करतं. केस पाण्याने मऊ होतो. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी पितो आणि फुगतो. त्याला वेळ लागतो दोन-तीन मिनिटांचा, आणि तो राजकारणात निघून जातो. पाणी गरम असेल तर काम जरा लवकर होतं, चेहऱ्यावरचा तेलकटपणा पटकन सुटतो. गरम पाण्याची थोरवी तेवढीच. आपल्याकडे हमरापूर-जोह्याचे मूर्तिकार शाडूच्या गणपतीवर ओला ब्रश फिरवून सोंड गुळगुळीत करतात, तेव्हा कोणी स्टोव्ह पेटवून बसत नाही. पाणी मुरू देतात. ‘गरम पाण्याने रंध्रं उघडतात’ हे सांगणारेही भेटतात. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात, पण सांगणाऱ्याचं तोंड मात्र उघडंच असतं.

आणि ब्लेडचं काय? 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की केस पोलादापेक्षा पन्नासएक पटींनी मऊ असूनही धारेचे बारीक टवके काढतो. एकच ब्लेड गुढीपाडव्यापासून गणपतीपर्यंत चालवायचं आणि दोष पाण्याला द्यायचा, ही आपली रीत.

दाढीच्या गरम पाण्याचा उगम हनुवटीत नाहीच. तो मागच्या दारच्या बंबात आहे. पहाटे उठून बंबात चिपाडं, करवंट्या कोंबून डोळे चोळणारी बाई, आणि ओटीवर खिडकीला आरसा टेकवून बसलेला पुरुष. ‘दाढीचं पाणी!’ एवढाच पुकारा. पाणी आलं की हातातल्या वर्तमानपत्रावरून नजर न हलवता भांडं घ्यायचं. साहेबाच्या देशात मोलकरीण सकाळी गरम पाण्याचं भांडं खोलीच्या दाराशी ठेवून जाई. तिथे निदान थंडी तरी खरी होती. आपण थंडी सोडून बाकीचं सगळं उचललं. पुढे बंबाला घासूनपुसून दिवाणखान्यात कोपरा मिळाला, बाई सकाळच्या गाडीने पनवेलला नोकरीला जाऊ लागली आणि पुकारा गिझरला लागू झाला. गिझर उलट बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

एका बड्या कंपनीलाही हे वाटीभर पाणी महागात पडलं होतं. जिलेटने भारतासाठी काढलेला रेझर आधी एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांकडून तपासून घेतला. तिथे नळ धो धो वाहत होते, मुलं खूश झाली. भारतात आल्यावर कळलं की इथला माणूस वाटीभर थंड पाण्यात दाढी उरकतो आणि रेझरमध्ये केस अडकून बसतात. मग कंपनीची माणसं आपल्या माणसांच्या घरी बसून दाढ्या बघत राहिली आणि 2010 मध्ये एकाच पात्याचा, सहज खळबळून निघणारा ‘गार्ड’ आला, पंधरा रुपयांत. बॉस्टनच्या कंपनीला जे एवढ्या खर्चाने समजलं, ते पेणच्या बाजारपेठेतला कुठलाही सलूनवाला एका चहावर सांगत होता.

पेण तालुक्याने तर हा प्रश्न मुळातच निकालात काढला होता. गागोद्याला 1895 मध्ये जन्मलेले विनोबा दाढी राखून भूदानासाठी देशभर चालले. रोह्याचा कल गुळगुळीत गालांकडे. विनोबांहून चार महिन्यांनी धाकटे चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढले आणि 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पांडुरंगशास्त्री आठवले तर रोह्यातच जन्मले. दोघांचे फोटो बघा, गालावर खुंट सापडणार नाही. यावरून पेणकर पाणी वाचवतात आणि रोहेकर उडवतात असा सिद्धांत मी ठोकून दिला असता, पण रोह्याला मला अधूनमधून जेवायला जावं लागतं.

ज्यांना गरमच हवं, त्यांनी सरळ पालीजवळच्या उन्हेऱ्याला जावं. जमिनीतून गरम पाणी आपोआप येतं, वीजबिल येत नाही. गंधकाचा वास तेवढा सोसावा; आफ्टरशेव्ह म्हणून विकलं जाणारं बरंच काही त्याहून वाईट वास मारतं.

फक्त एक पथ्य पाळा. ही चर्चा घेऊन उन्हाळ्यात पेणच्या खारेपाटात जाऊ नका. तालुक्यातलं हेटवणे धरण सिडकोच्या नव्या मुंबईला पाणी पाजतं, तिथल्या मिश्या धुतं, तिथले गिझर भरतं. खारेपाट मात्र टँकरची वाट बघतो. त्यांची बिनपाण्याने करायचं काम सरकारने कधीच हाती घेतलंय. तिथल्या माणसाला वाटीभर पाणी देऊन ‘गरम की थंड?’ विचाराल, तर तो आधी चहा टाकील, आणि चहा होईपर्यंत तुमची करील.