लॉगबुकातला हर्निया

सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरकडे एक लॉगबुक असतं. जाड पुठ्ठा, निळं रेक्झिन, आत आडवे रकाने: तारीख, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, निदान, शस्त्रक्रिया. त्यापुढे खरा रकाना, ज्यात चारांपैकी एक लिहायचं असतं. पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली, स्वतः केली. शेवटी गाइडची सही. पहिल्या वर्षी गाडी ‘पाहिली’वर उभी असते, तिसऱ्या वर्षी ती ‘स्वतः केली’वर पोचावी अशी अपेक्षा असते. मधल्या प्रवासाला पदव्युत्तर शिक्षण म्हणतात.

या लॉगबुकाला महामारी ठाऊक नव्हती, आणि ती कळवायची तसदी कोणी घेतली नाही.

आपले डॉक्टर २०१९ मध्ये सर्जरीला लागले. आपले म्हणजे तालुक्याचे. सहा वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेली. त्यात विंचू, साप, बाळंतपणं, पल्स पोलिओ, शवविच्छेदनं आणि पुढाऱ्यांचे फोन. नोकरीत राहून शिकायला निघालेले, वयाने युनिटमध्ये सगळ्यात मोठे. त्यामुळे सत्तावीस वर्षांचा जेआर-थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, ‘ए जेआर-वन’ अशी हाक मारी आणि हे पस्तिशीतले गृहस्थ ‘हो सर’ म्हणत धावत. हेतू अगदी साधा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जनची खुर्ची आहे, खुर्चीच्या पाठीवर टॉवेलही आहे, फक्त सर्जन नाही. हे एकट्या तालुक्याचं दुखणं नव्हे. ३१ मार्च २०२० अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशभरच्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांना लागणाऱ्या चार विशेषज्ञांपैकी ढोबळमानाने तीन नव्हतेच. हर्निया मात्र भरपूर. मार्केट यार्डातला हमाल लंगोट आवळून पोती उचलत राहतो, सुगी झाली की बघू म्हणतो, आणि एका रात्री आतडं अडकलं की जीप करून जिल्ह्याला जातो. डॉक्टरांना तो हर्निया शिकायचा होता. मेंदू नको, हृदय नको, रोबो तर नकोच.

मार्च २०२० मध्ये ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबल्या. हर्निया ठरवूनच करतात. थांबवणं बरोबर होतं, त्याबद्दल या सदराचा काही वाद नाही. खाटा लागणार होत्या, माणसं लागणार होती. सर्जरीचे, हाडांचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, सगळे रेसिडेंट कोविड वॉर्डात गेले. गेले आणि जुंपले. लॉगबुक हॉस्टेलच्या टेबलावर राहिलं, आणि त्याचा प्रश्नही होता तोच राहिला: हर्निया किती?

समजा, डॉक्टरांनी त्या काळात लॉगबुक प्रामाणिकपणे भरलं असतं. पीपीई किट चढवणे: स्वतः केली. किट उतरवणे: आरशाच्या देखरेखीखाली केली. किटच्या आत सहा तास पाणी न पिणे आणि लघवीलाही न जाणे: स्वतः केली, गुंतागुंत नाही. रुग्णाला पालथं झोपवणे, वजन नव्वद किलो, मदतीला एक सिस्टर आणि एक मामा: मदत केली. ऑक्सिजनचं गणित: जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर, हाय-फ्लोच्या मशीनला पूर्ण सोडलं तर मिनिटाला ६० लिटर, म्हणजे एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही, वॉर्डात अशी मशीन चार, रात्रीचे अडीच वाजलेत आणि गाडी कुठे आहे ते ड्रायव्हर फोन उचलेल तेव्हा कळेल: हे गणित स्वतः केलं, आणि पुन्हा केलं, कारण पहिल्यांदा आलेल्या उत्तरावर विश्वास बसेना. मास्कच्या आत रडणाऱ्या इंटर्नला चहा पाजणे: स्वतः केली. नातेवाइकांना फोनवरून मृत्यूची बातमी देणे: पहिल्या दिवशी पाहिली, दुसऱ्या दिवशी मदत केली, तिसऱ्या दिवसापासून स्वतः केली. बघा, लॉगबुकाला हवी तशी तंतोतंत प्रगती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन दिवसांत. पण या नोंदींखाली सही कोणाची घ्यायची? गाइड स्वतः शेजारच्या वॉर्डात पॉझिटिव्ह होऊन पडलेले. आणि ते उभे असते तरी त्यांनी विचारलं असतं, ‘अरे, हे सगळं ठीक आहे, पण यात हर्निया कुठेय?’

आधार मिळाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. आधाराचा तर पूर आला होता. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. त्यानंतर प्रमाणपत्रं सुरू झाली. पतसंस्था, मंडळं, ज्वेलर्स, क्लासवाले, सगळ्यांनी ‘कोरोना योद्धा’ हे प्रमाणपत्र काढलं. त्यावर देणाऱ्याचा फोटो पासपोर्टच्या चौपट आणि घेणाऱ्याचं नाव टिंबांच्या ओळीवर, ओळीआधी ‘श्री./श्रीमती/कु./डॉ.’ आणि त्यातलं काहीही न खोडलेलं, म्हणजे योद्ध्याने आपापलं खोडून घ्यावं. मग वेबिनार आले. ‘महामारीतील ताणतणाव व्यवस्थापन’, वेळ दुपारी चार, म्हणजे नेमकी ज्या वेळी ताण असलेला माणूस किटमध्ये असतो ती वेळ. पहिली वीस मिनिटं दीपप्रज्वलन. ऑनलाइन. एका चौकटीत समई, बाकीच्या चौकटींत टाळ्या, आणि कोणाचा तरी माइक चालू राहिल्याने मागून कुकरच्या शिट्ट्या. त्यानंतर पाहुण्यांचा परिचय, परिचयात त्यांनी आजवर भूषवलेली पदं, पदांनंतर अध्यक्षीय मनोगत, आणि शेवटी दहा मिनिटं श्वास खोल घ्या. ज्याने आदल्या रात्री दोघांना श्वास घेता येत नाही म्हणून जाताना पाहिलं त्याला हे सांगितलं जात होतं. पुन्हा फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र नाही! डॉक्टरांनी फॉर्म भरला. ‘आपल्याला आणखी कोणती मदत हवी?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘हर्निया’ लिहिलं. उत्तरादाखल आपोआप येणारा आभाराचा मेल आला.

शिकवणंही झालं. स्क्रीनवर. प्राध्यापक ‘आवाज येतोय का’ विचारीत आणि आवाज येत असे, चित्र येत नसे. आता हर्नियाची शस्त्रक्रिया काय आहे ते सांगायला हवं. जांघेत चिरा देऊन वरचा चिवट पापुद्रा उघडला की त्याच्या लगेच खाली एक बारीक नस आडवी येते. जाळी शिवताना ती नस टाक्यात आली, तर हर्निया बरा होतो आणि माणूस पुढची कित्येक वर्षं मांडीतल्या कळेने तळमळतो. चित्रात ती नस पिवळीजर्द असते. माणसात ती आजूबाजूच्या सगळ्यासारखीच दिसते. ती ओळखायला दुसऱ्याच्या हातावर आपला हात लागतो, ‘हं, तिथं नको’ असं मास्कमागून पुटपुटणारा सीनियर लागतो, आणि हे पुनःपुन्हा व्हावं लागतं. वेबिनारमध्ये ‘हं, तिथं नको’ नसतं.

२०२१ उजाडलं, दुसरी लाट आली, आणि पुन्हा ३ मे आला. बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला फुलं पडली होती. या वेळी घोषणा झाली. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा निदान चार महिने पुढे. शंभर दिवस कोविड ड्यूटी करणाऱ्यांना सन्मान. आणि नवी तुकडी येईपर्यंत शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटांच्या सेवा चालू ठेवता येतील. म्हणजे मुदत वाढवता येत होती तर! मग ती शिकण्यासाठी का वाढली नाही? कामाला माणूस कमी पडला की मुदत वाढते. हाताला सराव कमी पडला की ‘वेळापत्रक बदलता येत नाही’. फी पूर्ण, हॉस्टेलचं भाडं पूर्ण, हर्निया अर्धेसुद्धा नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून पदव्युत्तर होऊन सक्तीची वर्षभराची सेवा टाळणाऱ्याला दंड तेव्हा ५० लाख. पन्नास लाखांचा बॉण्ड लिहून घेताना ज्या हाताची एवढी किंमत लावली, त्या हाताने केलं काय याची चौकशी एका माणसाने करू नये? लाट ओसरल्यावर या मुलांना जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ज्या शस्त्रक्रियागृहांत कोविड नव्हता तिथे पाठवता आलं असतं. भूल देणारा माणूस आणि एक जुना सर्जन बरोबर दिला असता तर तुंबलेले हमाल सुटले असते आणि शिकणारे शिकले असते. फाइल करायला एक कारकून आणि सही करायला एक साहेब, एवढाच खर्च होता. पण साहेब समई लावत होते.

मग काय झालं ते प्रत्येक रेसिडेंटला माहीत आहे आणि एकही बोलणार नाही. परीक्षेआधीच्या आठवड्यात लॉगबुक ‘पूर्ण’ झालं. सीनियरची जुनी वही उशाला, दोन रंगांची पेनं, मध्येच शाई बदलायची म्हणजे तीन वर्षं वाटतात. एकाच हमालाचा एकच हर्निया तीन वह्यांत तिघांनी ‘स्वतः केला’. हमाल बिचारा एकदाच कापला गेला. आपल्या डॉक्टरांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम ज्या महिन्यांत केलं, त्या महिन्यांच्या पानांवर त्यांना न केलेल्या शस्त्रक्रिया लिहाव्या लागल्या. खरं काम रकान्यात बसेना आणि रकान्यात बसलं ते खरं नव्हतं. परीक्षकांनी वही चाळली, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि सही केली. त्यांना कळलं नसेल? त्यांच्याही घरी निळ्या रेक्झिनची एक वही आहे.

डॉक्टर आता तालुक्याला आहेत, टॉवेल लावलेल्या त्याच खुर्चीवर. हर्निया करतात, सावकाश करतात, आणि पहिले काही महिने त्यांनी जिल्ह्याच्या जुन्या सर्जनना रविवारी स्वतःच्या गाडीने आणून शेजारी उभं केलं. पेट्रोल त्यांचं, जेवणही त्यांच्याच घरचं. या कशाचीही नोंद कुठे नाही.

त्यांच्या जागी प्राथमिक आरोग्य केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमची गंमत वेगळी. त्यांना बालरोग करायचं होतं. लसीकरण, तपासणी, कोविड सेंटर हे सगळं उरकून त्या रात्री अभ्यास करत. प्रवेशपरीक्षा १८ एप्रिल २०२१ ला ठरली आणि तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. झाली ११ सप्टेंबरला. मग आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात, समुपदेशन सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडला. दरम्यान, दुर्गम भागातल्या सेवेच्या वाढीव गुणांसाठी आपलं गाव दुर्गम आहे असा दाखला त्यांना लागला. तो आणायला त्या गावाहून निघाल्या आणि एसटी नसल्यामुळे पोचायला दोन दिवस लागले, तरी गाव दुर्गम असल्याचं सिद्ध होईना. कागद हवा होता.

प्रवेश मिळाला. आणि २०२३ मध्ये ऑर्डर आली. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात काढायचे. उद्देश: जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेची ओळख व्हावी, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम कसे राबवले जातात ते समजावं. हे पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. शहरात वाढलेल्या मुलांसाठी उत्तम कल्पना आहे, मनापासून. पण मॅडम त्याच जिल्ह्यात आठ वर्षं तेच कार्यक्रम राबवत होत्या. लसींच्या शीतपेट्या डोंगर चढून नेत होत्या, क्षयरोगाची रजिस्टरं भरत होत्या. आता त्यांना त्यांचीच ओळख करून देण्यात आली. ओळख करून देणारा अधिकारी त्यांच्याच हाताखाली इंटर्नशिप केलेला. तो दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या जुन्या पीएचसीला डॉक्टर नाहीये, सोमवार-गुरुवार तिकडची ओपीडी बघाल का?’

बघितली. तीन महिने संपले. या कार्यक्रमाचंही लॉगबुक असतं, आणि मॅडमच्या वहीत शेवटी एक रकाना होता: कालावधीत नव्याने आत्मसात केलेली कौशल्ये. मॅडमनी तो रिकामा ठेवून वही सहीला दिली. बाबूंनी चष्मा वर केला, पान उलटंसुलटं पाहिलं आणि वही परत सरकवली.

‘असं मोकळं सोडू नका मॅडम, ऑडिटला त्रास होतो. निरंक लिहा.’